मुक्तिदात्याचा हेतू

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिच्यावरचा मजकूर. दर दिवाळीला भिंतीबरोबर तिच्यावरही चुन्याचे हात बसत गेल्यामुळे आकडे आता बुजले आहेत. सातारा-रत्नागिरीकडे पुष्कळ गावांत अशा पाट्या आहेत. येणारे-जाणारे त्यांच्याकडे पाहत नाहीत. आमच्या पाटीवरच्या त्या बुजलेल्या आकड्यात एक माणूस आमच्या घरचा होता. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. घरात त्यांच्याविषयी एवढेच सांगत, की ते 'बसऱ्याला गेले'. त्यांची बायको, आमची थोरली आजी, माझ्या लहानपणी हयात होती. पंढरपूर किंवा काशी म्हणावे तितक्या सहजपणे ती 'बसरा' म्हणे. तो कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि आपला नवरा तिथे कशासाठी गेला हे तिने कधी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही.

कशासाठी गेला, ते मला पुढे कॉलेजात असताना कळले. आणि तेही एका जाहीरनाम्यावरून. ११ मार्च १९१७ रोजी इंग्रजांच्या फौजा बगदादमध्ये शिरल्या. या मेसापोटेमियाच्या मोहिमेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. कूतच्या वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये जी सहावी डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, तिचे नावच मुळी 'पूना डिव्हिजन' होते आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. बगदाद पडल्यावर आठ दिवसांनी जनरल मॉड यांच्या नावाने शहरात एक जाहीरनामा निघाला. आमच्या फौजा जेते म्हणून किंवा शत्रू म्हणून आलेल्या नाहीत, तुमची मुक्तता करण्यासाठी आल्या आहेत, असा त्याचा आशय. मसुदा लिहिला होता मार्क साइक्स या गृहस्थांनी. हेच साइक्स आदल्या वर्षी पिको नावाच्या फ्रेंच गृहस्थांबरोबर बसून त्या सगळ्या प्रदेशाची इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात वाटणी करून मोकळे झाले होते.

तो जाहीरनामा वाचून मला प्रथम हसू आले, आणि मग ते ओसरले. आमचे थोरले आजोबा मुक्तिदाते होते तर! ज्याला स्वतःच्या गावात पाटलाला जाब विचारण्याची सोय नव्हती, ज्याला जन्मात कधी मत द्यायला मिळाले नाही, तो दुसऱ्या एका देशाला स्वातंत्र्य देण्याच्या कामी आला. आणि हे त्याला कोणी सांगितलेदेखील नव्हते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती मौजेची आहे. मुक्त झालेल्या इराकी लोकांनी १९२० साली आपल्या मुक्तिदात्यांविरुद्ध मोठे बंड केले. ते मोडून काढल्यावर लोकांना त्यांच्या मनाप्रमाणे राजा द्यावा असे ठरले, आणि त्यांच्या मनात फैसल हेच यावेत असेही ठरले. बसऱ्याचे सय्यद तालिब यांना मात्र आपणही उमेदवार आहोत असे वाटत होते. एप्रिल १९२१ मध्ये ब्रिटिश हायकमिशनर सर पर्सी कॉक्स यांच्या बंगल्यावर त्यांना चहाला बोलावणे आले. चहा घेऊन बाहेर पडल्यावर त्यांना पकडण्यात आले आणि सिलोनला रवाना करण्यात आले. मग लोकमत अजमावले गेले. शंभरात शहाण्णव माणसे फैसल यांच्या बाजूची निघाली, असे जाहीर झाले.

अशा गोष्टी सांगितल्या, की आपल्याकडे विषय तिथेच संपतो. सगळे ढोंग, खरे कारण तेल, खरे कारण बाजारपेठ, लोकशाही हा नुसता मुलामा. मी या मताचा नाही. म्हणजे तेल नव्हते असे मला म्हणायचे नाही. तेल होतेच, आणि आजही आहे. परंतु हेतूचा प्रश्न इतका सोपा असता तर त्यावर विचार करण्याचे कारणच उरले नसते. लबाड माणसाला ओळखणे कठीण नसते. अडचण येते ती प्रामाणिक माणसापाशी.

शिवाय 'राष्ट्राचा हेतू' हा शब्दप्रयोगच मला थोडा फसवा वाटतो. माणसाचा हेतू त्याच्या मनात असतो, निदान तसे आपण धरून चालतो. राष्ट्राला मन कुठले? मंत्रिमंडळात दहा माणसे बसतात आणि दहा कारणांसाठी एकाच ठरावाला होकार देतात. २००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केली, तेव्हा तिथल्या संरक्षण खात्यात दुसऱ्या क्रमांकाच्या जागी असलेले वुल्फोवित्झ यांनी एका मुलाखतीत हे मोकळेपणाने सांगितले होते. कारणे अनेक होती; पण संहारक अस्त्रांचे कारण असे होते की ज्यावर सर्वांचे एकमत होऊ शकत होते, म्हणून ते पुढे केले, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. ती अस्त्रे सापडली नाहीत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अध्यक्ष बुश यांनी मध्यपूर्वेत लोकशाही नेण्याविषयी मोठे भाषण केले. लोकशाहीची भाषा त्यांच्या तोंडी आधीही होती, नाही असे नाही. पण आता तिला पहिला पाट मिळाला. सैन्य आधी पोहोचले, आणि ते का आले याचे कारण मागाहून नीट बसवले गेले. तरीही माझी अशी समजूत आहे, की वुल्फोवित्झ यांच्यासारख्या माणसांना आपण काही चांगले करीत आहोत असे मनापासून वाटत होते. ते खोटे बोलत होते असे मानले तर त्यांना समजून घेण्याचे आपले काम फार हलके होते, म्हणून मी ते मानीत नाही.

प्रामाणिक मुक्तिदात्याचा नमुना म्हणून मला नेहमी अध्यक्ष विल्सन आठवतात. प्राध्यापकी पेशाचे, श्रद्धाळू, जगाला लोकशाहीसाठी सुरक्षित करायला निघालेले. दक्षिणेकडच्या प्रजासत्ताकांना चांगली माणसे निवडून द्यायला शिकवीन, अशी त्यांची उमेद होती. त्यांच्याच कारकिर्दीत १९१५ साली अमेरिकन फौजा हायतीत उतरल्या आणि १९३४ पर्यंत तिथून हलल्या नाहीत. हायती म्हणजे गुलामांनी बंड करून, फ्रान्सला हरवून १८०४ साली स्थापलेले राज्य. परकी गोऱ्याला आपल्या देशात जमीन घेता येऊ नये, हा दंडक त्या लोकांनी आपल्या राज्यघटनेत जपला होता. अमेरिकेने नवी घटना तयार केली, तीत हा दंडक वगळला, आणि ती हायतीच्या विधिमंडळापुढे ठेवली. विधिमंडळ काही केल्या ती मंजूर करीना. तेव्हा १९१७ च्या जूनमध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पोलिसांनी विधिमंडळच बरखास्त केले, आणि पुढच्या वर्षी सार्वमत घेऊन घटना जवळजवळ एकमताने मंजूर करून घेतली. लोकांना निवड करायला शिकवायला गेलेल्या मास्तरांनी, निवड चुकली म्हणून पाटी पुसून टाकली.

मास्तर म्हणतो ते जपून, कारण मीही मास्तरच होतो. छत्तीस वर्षे मी नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकवले. ३० जानेवारी २००५ रोजी इराकमध्ये निवडणूक झाली. बाँबहल्ल्यांची भीती असताना लोक रांगा लावून उभे राहिले आणि मत देऊन आलेल्यांनी जांभळ्या शाईत बुडवलेले बोट छायाचित्रकारांपुढे धरले. शाईचे बोट आपल्या ओळखीचे. त्या चित्रांनी मी हलून गेलो, हे कबूल करतो. वर्तमानपत्रातले एक छायाचित्र कापून मी वर्गात नेले. एक काळा बुरखा घेतलेली म्हातारी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही होते की आमची थोरली आजी मला आठवली. थोरल्या आजोबांचे हे उरलेले काम कोणी का होईना पुरे केले, असा भाबडा विचारही मनात येऊन गेला. मी वर्गाला म्हटले, सैन्य कोणत्याही कारणाने गेलेले असो, हे मत खरे आहे.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. कधी फारसा न बोलणारा. म्हणाला, "सर, उद्या त्यांनी मत दिले की अमेरिकनांनी निघून जावे, तर ते जातील का?"

मी म्हटले, "जातील. नाही तर या सगळ्याला अर्थच काय?"

हे उत्तर मी खात्रीने दिले होते, आणि ते मला पुरते माहीत नसताना दिले होते. त्यानंतर कित्येक दिवस मी या एका प्रश्नाच्या मागे होतो. वाचीत गेलो तसे मला दिसले, की ती निवडणूक मुक्तिदात्यांनी मोठ्या उत्साहाने घेतली होती असेही नव्हते. जून २००३ मध्ये नजफचे वृद्ध धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी फतवा काढला, की घटना लिहिणारी माणसे लोकांनी निवडलेली असली पाहिजेत. त्या वेळी बगदादमध्ये अमेरिकेचे प्रशासक ब्रेमर हे सर्वाधिकारी होते. त्यांनी नजफमधली स्थानिक निवडणूक त्याच सुमारास रोखली होती. नोव्हेंबरात त्यांनी योजना मांडली, की प्रांतोप्रांती निवडक मंडळींच्या बैठका घेऊन त्यांतून प्रतिनिधी नेमावेत. सिस्तानींनी ती फेटाळली. जानेवारी २००४ मध्ये बसरा आणि बगदाद येथे हजारो लोक थेट मतदान मागत रस्त्यावर आले. लोकशाही द्यायला आलेला माणूस म्हणतो, इतक्यात नको. आणि ज्याने कधी निवडणूक लढवली नाही तो धर्मगुरू म्हणतो, प्रत्येकाला मत द्या. ब्रेमर यांच्या बाजूने सांगण्यासारखे होते. मतदारयाद्या नव्हत्या, शांतता नव्हती, घाईच्या निवडणुकीत धर्माच्या नावाने मते पडतील ही भीती खोटी नव्हती. सिस्तानींच्या आशीर्वादाच्या आघाडीला २७५ पैकी १४० जागा मिळाल्या आणि ती भीती खरी ठरली.

पण ही वाक्ये आपण कुठे तरी ऐकली आहेत. याद्या नाहीत, शिक्षण नाही, जातीधर्माच्या नावाने मते पडतील, अजून पात्रता आलेली नाही. आपल्याला ती इंग्रजांनी पन्नास वर्षे ऐकवली. आणि ती ऐकवणाऱ्यांत नुसते उद्धट कलेक्टर नव्हते. ज्यांना आगरकरांच्या पिढीने गुरुस्थानी मानले ते जॉन स्टुअर्ट मिलदेखील होते. १८५९ साली मिल यांनी परराष्ट्रांत हस्तक्षेप करण्याच्या नीतीवर एक निबंध लिहिला. जे लोक स्वातंत्र्यासाठी स्वतः झगडले नाहीत, त्यांना ते बाहेरून मिळाले तर टिकत नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. इतका समंजस युक्तिवाद दुसरा सापडणार नाही. आणि त्याच निबंधात, हे नियम रानटी लोकांना लागू नाहीत असे सांगून अयोध्येचे राज्य खालसा केल्याचे समर्थनही आहे. मिल पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. त्यांनी ते पगारासाठी लिहिले असे म्हणवत नाही, नोकरी तर आदल्याच वर्षी सुटली होती. स्वातंत्र्यावर त्यांचे प्रेम होते. फक्त ते स्वातंत्र्य दुसऱ्याने त्यांच्यासारखे वापरावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

इथे मला हेतूचा धागा सापडतो असे वाटते. मुक्तिदात्याला तेल हवे असते, तळ हवे असतात, निवडणुकीत मिरवायला विजय हवा असतो. ते सगळे खरे. पण अत्यंत शुद्ध मनाच्या मुक्तिदात्यालाही एक गोष्ट हवीच असते. ज्यांना आपण मुक्त केले त्यांनी आपल्याला निवडावे. कृतज्ञतेने म्हणा, आपल्यासारखे होऊन म्हणा. ही इच्छा इतकी सात्त्विक दिसते, की तिला हेतू म्हणून ओळखताच येत नाही. ती उघडी पडते ती लोकांनी 'नाही' म्हटल्यावर.

जपानचे उदाहरण मला कोणी तरी देणारच. १९४५ नंतर जनरल मॅकआर्थर यांनी जपानला घटना लिहून दिली आणि ती टिकली. टिकली खरी; पण तिथे १८९० पासून संसद होती आणि १९२५ पासून सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार होता, म्हणजे जमीन नांगरलेली होती. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की १९४७ च्या निवडणुकीनंतर तेथे कातायामा हे समाजवादी पंतप्रधान झाले आणि मॅकआर्थर यांनी ते चालू दिले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीचा सार्वत्रिक संप मात्र त्यांनी हुकूम काढून बंद पाडला. एकाच माणसाने एकाच वर्षी एक 'नाही' ऐकले आणि एक ऐकले नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचेही तसेच झाले. २०११ साली इराकी पुढाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांना आपल्या न्यायालयांपासून संरक्षण द्यायचे नाकारले, आणि डिसेंबरात सैन्य खरोखर परत गेले. ते कात्रण मी जपून ठेवले. तो मुलगा भेटला तर दाखवीन म्हणून. पुढे २०१४ मध्ये मोसूल अतिरेक्यांच्या हाती गेले आणि बगदादच्या सरकारनेच मदत मागितल्यावर सैन्य पुन्हा आले. ५ जानेवारी २०२० रोजी इराकच्या संसदेने ठराव केला, की परक्या फौजांनी देश सोडावा. कुर्द आणि बहुतेक सुन्नी सभासद त्या दिवशी गैरहजर होते, ठराव बंधनकारक नव्हता, हे सर्व मान्य. अध्यक्ष ट्रम्प यांनी उत्तरादाखल आर्थिक निर्बंधांची धमकी दिली, आणि फौजा गेल्या नाहीत. ते कात्रण मी कापले नाही.

मग काय, कोणी कोणाच्या मदतीला जाऊच नये? असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९९४ साली रुआंडात सुमारे आठ लाख माणसे शंभर दिवसांत कापली गेली आणि जग स्वस्थ बसले. त्या स्वस्थ बसण्यामागेही हेतू होते, आणि ते जाण्यामागच्या हेतूंपेक्षा शुद्ध नव्हते. अफगाणिस्तानात २००१ नंतर मुली शाळेत जाऊ लागल्या तेव्हा मला आनंद झाला होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडल्यावर तालिबानने सहावीच्या पुढचे वर्ग त्यांना बंद केले. त्या मुलींपुढे उभे राहून हेतूंच्या शुद्धतेवर व्याख्यान देण्याची माझी तयारी नाही.

आणि आपण स्वतः १९७१ साली गेलोच होतो. तिथे मात्र मत आधी पडले होते आणि सैन्य मागून गेले. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीब यांच्या पक्षाला पाकिस्तानच्या ३१३ पैकी १६७ जागा मिळाल्या होत्या. त्यांना सत्ता देण्याऐवजी मार्चमध्ये लष्कराने कत्तल आरंभली आणि एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले. आपला हेतू निर्मळ होता का? पाकिस्तानचे दोन तुकडे होणार याचा आनंद आपल्यापैकी कोणाला नव्हता? आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले ते निर्वासितांसाठी नव्हते. पण मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य परत आले. पुढे १९७५ च्या जानेवारीत मुजीब यांनी आपल्या देशात एकपक्षीय राजवट आणली, आणि जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी आली. घेणारा आणि देणारा दोघेही त्या वर्षी सारखेच निघाले.

गोव्याची गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण ती आमच्या घरातली आहे. गोवा हा परदेश नव्हे, असे आपण म्हणतो आणि ते बरोबर आहे. पण १९६१ च्या डिसेंबरात लष्कर गेले तेव्हा सालाझारच्या हुकूमशाहीतून माणसे सोडवायला आपण निघालो आहोत, ही भावना तीच होती. माझे वडील १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींबरोबर पत्रादेवीच्या बाजूने गेले होते. धावपळीत पडून त्यांचा गुडघा जो अधू झाला तो कायमचा. गोवा मुक्त झाल्यावर तो महाराष्ट्रात येणार, याविषयी त्यांना शंकाच नव्हती. त्यांना कोणते तेल हवे होते? त्यांना काहीच नको होते. मुक्त केलेल्या भावाने घरी राहायला यावे, एवढेच.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमतकौल झाला. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि पानांना १,७२,१९१. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. रेडिओवर निकाल ऐकून वडिलांनी रेडिओ बंद केला आणि ते रात्री जेवले नाहीत. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हापशाला त्यांच्या एका मित्राला पोस्टकार्ड टाकले. हा मित्र पंचावन्नच्या सत्याग्रहात त्यांच्याबरोबर होता. कार्डावर एवढेच विचारले होते, की मतमोजणी नीट झाली ना?

आठवड्याने उत्तर आले. मोजणी नीट झाली. मी स्वतः दोन पानांवर शिक्का मारला, तुम्हाला राग येईल म्हणून आधी कळवले नाही. मे महिन्यात मुलांना घेऊन या.

वडिलांनी ते कार्ड दोनदा वाचले, आईकडे दिले आणि म्हणाले, "मग झाले." मे महिन्यात आम्ही सगळे म्हापशाला गेलो. मित्राच्या घराच्या पायऱ्या वडिलांना गुडघ्यामुळे चढवेनात, तेव्हा त्या गृहस्थांनी खाली येऊन त्यांना हाताला धरून वर नेले. जेवताना कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, यावर दोघांचे असे जुंपले, की त्यांच्या पानांतले मासे तसेच निवत राहिले आणि काकूंनी मला परसात नेऊन काजूची बोंडे खायला दिली.